ऑक्सिजन संवेदक : अडकलेला संवेदक काढणे

मोटारगाडीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंत शिल्लक राहिलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण ओळखून त्यानुसार विद्युत् दाब निर्माण करणाऱ्या प्रयुक्तीला ऑक्सिजन संवेदक म्हणतात. ती निष्कास नळीवरील आटे पाडलेल्या बैठकीत पिळून बसविलेली असते. संवेदकाचे आयुष्य मर्यादित असल्याने तो केव्हातरी बदलावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी तो बैठकीत घट्ट धरून बसलेला आढळतो. हे काम दिसण्यास किरकोळ आहे. परंतु ते चुकल्यास संवेदकाच्या किंमतीच्या कित्येक पट किंमतीची निष्कास नळी किंवा उत्प्रेरकी परिवर्तक बदलण्याची पाळी येते.

जर्मनीतील बॉश कंपनीने तयार केलेला हा संवेदक १९७६ मध्ये व्होल्व्हो कंपनीच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत प्रथम वापरण्यात आला. शिसेयुक्त पेट्रोलमुळे संवेदकावरील प्लॅटिनमाचा थर निकामी होतो. त्यामुळे भारतात तो रुळण्यास शिसेविरहित पेट्रोलची वाट पहावी लागली. असे पेट्रोल चार महानगरांत १९९५ मध्ये व देशभर २००० मध्ये आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज–६ मानके लागू झाल्यावर दुचाकी वाहनांतही हा संवेदक सर्रास दिसू लागला.

संवेदकाच्या टोकाशी इट्रियम ऑक्साइड मिसळलेल्या झिर्कोनियाची, अंगठीटोपणाच्या आकाराची मृत्तिका-नळी असते. तिच्या आतबाहेर प्लॅटिनमाचा सच्छिद्र थर असतो. सु. ३५०° से. तापमानाला या मृत्तिकेतून ऑक्सिजनाचे आयन वाहू लागतात. आतील हवा व बाहेरील निष्कास वायू यांतील ऑक्सिजनाच्या प्रमाणात जितका फरक, तितका विद्युत् दाब अधिक, हे नेर्न्स्ट यांच्या समीकरणानुसार घडते. मिश्रणात इंधन जास्त असल्यास सु. ०·९ व्होल्ट आणि हवा जास्त असल्यास सु. ०·१ व्होल्ट दाब मिळतो. आतील हवा पुष्कळ संवेदकांत तारांच्या धाग्यांमधील फटींतून येते. त्यामुळे तारा डाख देऊन जोडणे किंवा जोडणीत तेल सोडणे योग्य नसते.

अडकण्याची कारणे : बहुतेक मोटारगाड्यांत संवेदकाचे आटे १८ मिमी. व्यासाचे व १·५ मिमी. अंतराचे असतात, तर षट्कोनी डोके २२ मिमी. पान्यात बसते. बैठक साध्या पोलादाची, बिडाची किंवा अगंज पोलादाची असते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील बारीक पोकळी भरून जाते व दोन्ही भाग पाचर ठोकल्याप्रमाणे एकमेकांत रुततात. शेकडो अंश तापणे व पुन्हा थंड होणे हे चक्र हजारो वेळा घडते आणि खालून पाणी व चिखल उडत असतो. समुद्रकाठच्या गावांत खारी हवा यात भर घालते. अगंज पोलादावर अगंज पोलाद घासल्यास गंज नसतानाही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून फाटतात. असे झालेले आटे जोर लावताच सोलून निघतात.

काढण्याची पद्धती : प्रथम एका प्रश्नाचा निर्णय करावा लागतो : जुना संवेदक पुन्हा वापरावयाचा आहे की टाकून द्यावयाचा? टाकून द्यावयाचा असल्यास तार कापून सहा बाजूंचा बंद बॉक्स पाना पूर्ण खोलीपर्यंत बसविता येतो, व हाच सर्वांत खात्रीचा मार्ग होय. तार राखावयाची असल्यास बाजूस चीर असलेला खास पाना वापरतात. परंतु चिरेमुळे तो जोराखाली उमलतो व डोक्याचे कोपरे गोल करतो. उघड्या तोंडाचा साधा पाना या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे.

गाडी जॅकवर उचलली असल्यास तिला पक्के आधार दिल्याशिवाय खाली शिरू नये. एंजिन थंड असताना आट्यांच्या मुळाशी भेदक तेल सोडून ते काही तास, शक्य तर रात्रभर, मुरू द्यावे. त्यानंतर एंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे. बैठक कोमट असताना पकड सैल होते. मात्र हातमोजे आवश्यक असतात. पान्याला लांब दांडा लावून जोर हळूहळू वाढवावा. प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने पिळल्यास गंजाचा थर तडकतो. संवेदक हलला की तो एका दमात काढण्याचा मोह आवरावा. अर्धा फेरा सोडणे, पाव फेरा आवळणे, पुन्हा तेल देणे, असे केल्यास गंजाचा चुरा आट्यांतून बाहेर पडतो. बहुतेक आटे या टप्प्यावरील घाईने जातात, सुरुवातीच्या जोराने नव्हे.

एवढ्याने न हलल्यास ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योतीने बैठक लालसर होईपर्यंत तापवितात. ज्योत बैठकीवर धरावयाची असते, संवेदकावर नव्हे. कारण बाहेरचे कडे आतील भागापेक्षा अधिक प्रसरण पावले तरच फट पडते. भेदक तेल ज्वलनशील असल्याने ते आधी पुसून काढावे. इंधनाच्या नळ्या जवळून जात असतील तर ज्योत वापरू नये. बिडाच्या भागावर पाणी ओतून तो एकदम थंड केल्यास त्याला तडा जातो.

डोके गोल झाले असल्यास घट्ट आवळणाऱ्या कुलूपपकडीचा किंवा पाइप पान्याचा उपयोग होतो. त्यानेही भागले नाही तर डोक्यावर मोठा नट वितळजोडकामाने बसवितात. या जोडकामाची उष्णताही गंज सुटण्यास मदत करते. मृत्तिका-नळी फुटल्यास तिचे तुकडे नळीतून वेचून काढणे अत्यावश्यक असते. ते परिवर्तकाच्या जाळीत अडकतात, आणि टर्बोभारक असलेल्या एंजिनात तर त्याच्या पात्यांवर आदळतात.

आटे गेल्यास : थोडे दुखावलेले आटे १८ मिमी. टॅपने साफ करता येतात. जुन्या मोठ्या ठिणगी-गुडदीचे आटेही याच मापाचे असल्याने तिच्यासाठी केलेले हत्यार येथे चालते. टॅपच्या खाचांत ग्रीज भरल्यास कीस त्यात अडकतो व नळीत पडत नाही. पहिले काही आटेच गेले असल्यास आतून बाहेर येणारा, प्रसरणशील टॅप उपयोगी पडतो, कारण तो शाबूत आट्यांवरून मार्ग धरतो. सर्वच आटे नष्ट झाले असतील तर छिद्र मोठे करून पोलादी आटेदार अस्तर बसवितात, अथवा बैठक कापून नवी जोडतात. नवी बैठक क्षितिजसमांतर पातळीच्या किमान १०° वर तिरपी ठेवतात, म्हणजे थंड नळीत साचणारे पाणी संवेदकात उतरत नाही. अर्धवट आट्यांवर संवेदक तसाच बसविणे धोक्याचे होय. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, संवेदक ती मिश्रणातील जादा हवा समजतो, नियंत्रक अकारण इंधन वाढवितो आणि परिवर्तक तापून निकामी होतो.

नव्या संवेदकाच्या आट्यांना बहुधा निकेल, तांबे किंवा ग्रॅफाइट असलेला, चिकटू न देणारा लेप कारखान्यातच लावलेला असतो. नसल्यास तो अगदी पातळ लावावा; टोकाच्या छिद्रांना त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. सिलिकोनयुक्त लुकण मुळीच वापरू नये, कारण सिलिकोनाची वाफ प्लॅटिनमाला मारक ठरते. संवेदक प्रथम हाताने पिळून पूर्ण बसवावा व मग सु. ४० न्यूटन-मीटर परिबलाने आवळावा. तार पिळली जाऊ नये म्हणून जोडणी शेवटी करतात.