‘देऊ का?’ ‘दे!’
ओटीपी कुणाला सांगू नका, हा सल्ला बरोबरच. पण तेवढ्याने भागत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, त्यात खातेदारांची चूक नव्हती. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेच्या स्विचला, म्हणजे व्यवहाराला मंजुरी देणाऱ्या संगणकाला विचारते, पैसे देऊ का? चोरांनी मध्येच बनावट स्विच घुसवला आणि तो निमूट ‘दे’ म्हणत राहिला. शनिवारी काही तासांत बनावट कार्डांवर 28 देशांत नोटा निघाल्या. मग एटीएमची ही जोडणीच तोडायची? पासबुक घेऊन रांगेत उभे राहायला आता कोण तयार आहे, आणि खोट्या सह्या तेव्हाही होत्याच. फक्त ती चोरी शाखेपुरती राही, आता ती काही तासांत अनेक देशांत पसरते. म्हणून परदेशातून अचानक हजारो व्यवहार येऊ लागले, तर ते आपोआप अडवण्याची जबाबदारी बँकेचीच. ग्राहकाला ते दिसतही नाहीत.