टेबलावरचा पॅटन रणगाडा

सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे मोठी लढाई झाली. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने शत्रूचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे उडवले आणि तेथेच ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

या पॅटनची प्रतिकृती प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून घरी तयार करता येते. तिचे रूढ प्रमाण 1:35 आहे. खरा पॅटन साडेतीन मीटरहून रुंद, तर प्रतिकृती सुमारे दहा सेंटिमीटर!

सुटे भाग चौकटीला जोडलेले असतात. ते हाताने पिळून तोडू नयेत. कटरने कापून पॉलिशपेपरने घासावेत. यासाठी मिळणारा पातळ गोंद प्लास्टिक किंचित विरघळवतो, म्हणून सांधा एकजीव होतो. थेंबभर पुरे. वास उग्र असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी.

खरी परीक्षा रंगाची. जाड रंगाने बारीक खाचा बुजतात, म्हणून पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद दिसतो. यासाठी हिरव्यात थोडा फिका रंग मिसळतात. मग खाचांत पातळ तपकिरी रंग सोडावा आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळाव्यात. खेळणे वाटणारी वस्तू आता लोखंडाची भासू लागते.

पुष्कळ जण हौसेने सगळीकडे चिखल फासतात. ते मला पटत नाही. खेमकरणला आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले होते आणि कित्येक पॅटन त्यात रुतले. म्हणून चिखल दाखवायचा तो चाकांवर व पट्ट्यांवर. वरच्या बुरुजावर केवळ धूळ.