जुन्या समईची ओळख व निगा

जमिनीवर उभा ठेवावयाचा तेलाचा दिवा महाराष्ट्रात समई, तमिळनाडूत कुत्तुविळक्कु आणि केरळात निलविळक्कु या नावाने ओळखला जातो. जुनी समई वारशाने घरात येते किंवा जुन्या बाजारात हाती लागते. ती किती जुनी, हा पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर ज्या काळ्या थरात व झिजेत दडलेले असते, तेच बहुधा घरी आणताक्षणी घासून नाहीसे केले जाते.

प्रथम धातू ओळखावा. पितळ हे तांबे व जस्त यांचे, तर कासे हे तांबे व कथील यांचे मिश्रण होय. काशावर बोटाने टिचकी मारली असता नाद बराच वेळ रेंगाळतो. कुंभकोणमजवळील नाचियारकोइल येथील पत्तर कारागीर कावेरीकाठच्या मातीच्या साच्यात पितळी दिवे ओततात. केरळातील मन्नार हे गाव काशाच्या ओतकामासाठी प्रसिद्ध आहे.

त्यानंतर सांधे पाहावेत. बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा मोर किंवा हंस हे भाग पुष्कळदा वेगवेगळे ओतून आट्यांनी जोडलेले असतात. हाताने पाडलेले आटे कधीच अगदी सारखे नसतात. त्यामुळे एका समईचा भाग दुसरीवर सहसा नीट बसत नाही. एखादाच सांधा डुगडुगत असेल, तर तो भाग मागाहून आलेला समजावा. त्यात फसवणूकच असते असे नाही. एखाद्या कुटुंबाने फुटलेली वाटी बदलूनही घेतली असेल.

खरी झीज हाताच्या मागाने जाते. दांड्याची पकड, मोराची चोच, बैठकीची खालची कड हे भाग गुळगुळीत होतात आणि खोबणीत मात्र तेलाचा थर साचतो. आम्लाने मुद्दाम जुन्या केलेल्या समईवर हिरवा कळंक सर्वत्र सारखाच, म्हणजे जेथे हात रोज लागावयाचा तेथेही, दिसतो.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि लाकडाची काडी एवढे पुरे. साचलेले तेल उष्णतेने रोगणासारखे घट्ट झालेले असते. ते एका दिवसात निघावे असा हट्ट धरू नये. चिंच आणि मीठ ही आपल्या स्वयंपाकघरातील जोडी येथे घातक ठरते. आम्लाने पितळेतील जस्त निघून जाऊन तांबूस डाग पडतात आणि मागे राहिलेले मीठ दमट हवेत हिरव्या भुकटीच्या रूपाने पुन्हा पुन्हा वर येते. धुतल्यावर सांधे सोडवून पूर्ण वाळवावेत.

काशाची वाटी पोचली असेल, तर ती ठोकून सरळ करू नये. कासे ठिसूळ असल्याने तडकते. तडा गेलेल्या वाटीत दुसरी लहान वाटी बसवून तीत तेलवात घालावी.