महाविद्यालयीन सहली, वाहन पुरवठादाराची निवड आणि चालकाची मद्यमुक्त कार्यस्थिती : एक विवेचन

सारांश :
महाविद्यालये आपल्या अनेक सेवा बाह्य पुरवठादारांकडून घेतात. या सेवांची निवड प्रामुख्याने दरपत्रकांच्या आधारे होते. प्रस्तुत लेखात अभ्यास सहलीसाठी भाड्याने घेतल्या जाणाऱ्या बससेवेचे उदाहरण घेऊन चालकाच्या मद्यमुक्त कार्यस्थितीचा विचार शरीरविज्ञान, कायदा व अर्थशास्त्र या तिन्ही अंगांनी केला आहे. चालकाची शुद्ध ही त्याच्या चारित्र्यावर सोडून देण्याची बाब नसून ती पुरवठादाराच्या व्यवस्थेची, आणि म्हणून आपल्या निवडीची बाब आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मद्यमुक्त कार्यस्थिती, व्यावसायिकता, सेवा पुरवठादार, माहितीची विषमता, अभ्यास सहल.

१. प्रस्तावना :
शैक्षणिक वर्षातील डिसेंबर व जानेवारी हे महिने बहुतेक महाविद्यालयांत अभ्यास सहलींचे असतात. विभागाकडून प्रस्ताव जातो, प्राचार्यांची मान्यता मिळते, कार्यालय तीन दरपत्रके मागवते, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि सर्वात कमी दर देणाऱ्या पुरवठादारास कार्यादेश दिला जातो. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने ही प्रक्रिया निर्दोष असते. मात्र चाळीस-पंचेचाळीस विद्यार्थ्यांचे प्राण ज्याच्या हाती सोपवायचे, त्या चालकाविषयी या फाइलमध्ये बहुधा एक ओळही नसते.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका अभ्यास सहलीचा समन्वयक होता. पहाटे पाच वाजता बस महाविद्यालयाच्या दारात आली. विद्यार्थी, डबे घेऊन आलेले पालक, सारे जमले होते. चालकाशी बोलताना दारूचा वास आला. विचारणा केली असता तो शांतपणे म्हणाला, "सर, ती काल रात्रीची आहे. आता काही नाही." पुरवठादाराने दूरध्वनीवरून सांगितले, "माणूस दहा वर्षांपासून आमच्याकडे आहे, काळजी करू नका." अखेर दुसरा चालक येऊन बस निघेपर्यंत नऊ वाजले. ठरलेली एक भेट रद्द करावी लागली आणि पालकांपैकी काहींनी उशिराचा दोष महाविद्यालयालाच दिला. अपघात झाला नाही, त्यामुळे या प्रसंगाची कोठे नोंदही झाली नाही. तथापि "काल रात्रीची आहे" या विधानास नेमके कोणते उत्तर द्यावे, हे त्या वेळी लेखकास ठाऊक नव्हते. प्रस्तुत विवेचनाचे मूळ त्या अनुत्तरित क्षणात आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :
१) मद्यपानाचा कार्यस्थितीवर होणारा परिणाम शास्त्रीय आधारावर स्पष्ट करणे.
२) यासंबंधीच्या प्रमुख कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.
३) केवळ न्यूनतम दरावर आधारित निवडीच्या मर्यादा दाखवून पुरवठादार निवडीचे व्यवहार्य निकष सुचविणे.

३. 'निर्व्यसनी' आणि 'मद्यमुक्त' :
आपल्याकडे चालक, पहारेकरी किंवा शिपाई नेमताना "माणूस निर्व्यसनी आहे ना?" असा प्रश्न विचारण्याची रीत आहे. हा प्रश्न माणसाच्या चारित्र्याविषयी आहे. त्याचे उत्तर कोणीतरी दिलेल्या ग्वाहीवर अवलंबून असते व ते पडताळता येत नाही. याउलट "हा माणूस या क्षणी, हे काम करण्यास, शुद्धीवर आहे काय?" हा प्रश्न कार्यस्थितीविषयी आहे आणि त्याचे उत्तर मोजता येते. एरवी कधीमधी मद्य घेणारा चालक कामावर येताना पूर्णतः मद्यमुक्त असू शकतो; आणि निर्व्यसनी म्हणून ओळखला जाणारा मनुष्य एखाद्या लग्नाच्या रात्रीनंतर तसा नसू शकतो. व्यावसायिकतेचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी आहे. विमानाच्या वैमानिकाची उड्डाणापूर्वी श्वासचाचणी घेतली जाते, रेल्वेच्या इंजिनचालकाचीही कामावर रुजू होताना घेतली जाते. त्यात त्या व्यक्तीवर संशय घेतला जातो असे कोणी मानत नाही. तो त्या कामाच्या शिस्तीचा भाग आहे.

४. "काल रात्रीची आहे" : शरीरविज्ञान काय सांगते?
शरीरात गेलेल्या मद्यार्काचे विघटन मुख्यत्वे यकृतात होते व त्याचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. व्यक्तीपरत्वे फरक असला तरी रक्तातील मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ताशी प्रति १०० मि.ली. रक्तामागे १५ मि.ग्रॅ. या गतीने घटते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ किंवा झोप यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. झोपेने तरतरी वाटते, पण यकृताचे काम लवकर संपत नाही.

आता एक साधे गणित मांडू. रात्री बारा वाजता एखाद्याच्या रक्तातील प्रमाण प्रति १०० मि.ली. १५० मि.ग्रॅ. आहे असे समजू. पहाटे पाच वाजेपर्यंत त्यातील ७५ मि.ग्रॅ. घटेल व ७५ मि.ग्रॅ. उरेल. भारतातील कायदेशीर मर्यादा ३० मि.ग्रॅ. आहे. म्हणजे झोपून उठलेला, तोंड धुतलेला, नीट बोलणारा हा चालक मर्यादेच्या अडीचपट मद्यार्क अंगात घेऊन बस सुरू करीत असतो. मर्यादेखाली येण्यास त्याला सकाळचे आठ वाजून जावे लागतील आणि पूर्णतः मद्यमुक्त होण्यास दहा. आपल्या सहली प्रायः पहाटेच निघतात, हे येथे विसरता येत नाही.

शुद्ध हरपण्याचे दुसरे कारण जागरण होय. डॉसन व रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात प्रति १०० मि.ली. ५० मि.ग्रॅ. मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतकी खालावते. म्हणजेच आदल्या रात्री लग्नाचे वऱ्हाड पोहोचवून थेट सहलीच्या बसवर आलेला चालक, त्याने मद्याचा थेंबही घेतला नसला तरी, शुद्धीच्या दृष्टीने सुरक्षित नसतो. म्हणून मद्यमुक्तता व विश्रांती यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

५. कायद्याची चौकट :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार प्रति १०० मि.ली. रक्तात ३० मि.ग्रॅ. पेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. याच अधिनियमाचे कलम १८८ अशा गुन्ह्यास प्रोत्साहन देणाऱ्यासही तीच शिक्षा सांगते. चालकाची अवस्था माहीत असूनही "उशीर होतोय, चला" असे म्हणणाऱ्याने हे कलम अवश्य वाचावे.

नोकराच्या कामावरील हलगर्जीपणाची नुकसानभरपाई मालकाकडून मागता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 'राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती' (१९६२) या खटल्यात सरकारी जीपच्या चालकाबाबत मान्य केले. भाड्याच्या बसच्या बाबतीत चालक हा पुरवठादाराचा नोकर असतो; म्हणून महाविद्यालयाची जबाबदारी संपली असे समजणे सोयीचे वाटते. परंतु पालकांनी आपला पाल्य पुरवठादाराच्या नव्हे, महाविद्यालयाच्या भरवशावर पाठविलेला असतो.

कामाच्या तासांविषयी मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही दिवसाच्या आठ तासांचे तत्त्व कायम आहे. पाच दिवसांच्या सहलीसाठी एकच चालक देणाऱ्या पुरवठादाराचा दर कमी का असतो, याचे उत्तर पुष्कळदा या मर्यादेच्या उल्लंघनात दडलेले असते.

६. न्यूनतम दरात न दिसणारी गोष्ट :
अर्थशास्त्रात वस्तू व सेवांचे एक उपयुक्त वर्गीकरण आहे. काहींचा दर्जा खरेदीपूर्वीच पाहून कळतो, तर काहींचा वापरल्यानंतर. हा भेद फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मांडला. डार्बी व कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली : ज्यांचा दर्जा वापरल्यानंतरही ग्राहकास नीट कळत नाही, अशा सेवा. बसची आसने पाहून कळतात, प्रवासाचा आराम अनुभवाने कळतो. पण चालक किती शुद्धीवर होता हे सहल सुखरूप परतल्यावरही कळत नाही. "आजवर काही झाले नाही" हा पुरवठादाराचा दाखला म्हणूनच अपुरा ठरतो.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले, की विक्रेत्यास दर्जा ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल तर चांगला माल बाजारातून हटत जातो. दोन चालक देणारा, त्यांना विश्रांती देणारा, श्वासचाचणी करणारा पुरवठादार खर्च अधिक करतो. त्याचा दर अधिक येतो. आणि आपल्या तुलनात्मक तक्त्यात तो तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बाद होतो. अशा रीतीने आपली निर्दोष प्रक्रियाच बेजबाबदार पुरवठादाराची निवड करीत असते. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात झालेल्या खासगी बसच्या अपघातात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. चालकाच्या रक्तात मद्यांश आढळल्याचे वृत्त त्यानंतर प्रसिद्ध झाले. बसचे तिकीट काढताना त्या प्रवाशांना ही गोष्ट कोणत्याही मार्गाने कळण्यासारखी नव्हती. महाविद्यालयाची स्थिती मात्र वेगळी आहे. ते एकेक तिकीट घेत नाही, संपूर्ण बस घेते. म्हणून ते अटी घालू शकते.

७. निवडीचे व्यवहार्य निकष :
दर कमी असावा यात गैर काही नाही. प्रश्न तुलना कोणात करावयाची हा आहे. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी पात्रता तपासली जाते व केवळ पात्र पुरवठादारांचेच दर उघडले जातात. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सेवा खरेदीतही विशिष्ट अटींवर गुणवत्तेस ३० टक्क्यांपर्यंत भारांश देण्यास मुभा दिली. हे निर्देश प्रत्येक महाविद्यालयास थेट लागू नसले तरी केवळ न्यूनतम दर हा एकमेव प्रामाणिक निकष नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. पात्रतेच्या अटी पुढीलप्रमाणे ठेवता येतील.

१) वाहनाचा परवाना, योग्यता प्रमाणपत्र व विमा यांच्या प्रती घ्याव्यात आणि वाहन क्रमांकावरून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर त्या पडताळाव्यात.
२) चालकाचे नाव व अनुज्ञप्ती निदान तीन दिवस आधी कळवावी; आयत्या वेळी बदल झाल्यास लेखी कळवावे.
३) निघण्यापूर्वीचे २४ तास चालक कोणत्या फेरीवर होता, याची पुरवठादाराने नोंद द्यावी. लांबच्या किंवा रात्रीच्या प्रवासास दोन चालक असावेत.
४) प्रत्येक दिवशी वाहन सुरू करण्यापूर्वी पुरवठादाराच्या खर्चाने, चालकाच्या संमतीने व खासगीरीत्या श्वासचाचणी व्हावी. संमती नसल्यास पर्यायी चालक द्यावा.
५) चालक कार्यस्थितीत नसल्याचे आढळल्यास वाहन नाकारण्याचा अधिकार समन्वयकास असावा; पर्यायी चालक येण्यास किती वेळ लागेल आणि विलंबाची कपात किती, हे कार्यादेशातच नमूद असावे.

यातील पाचवी अट सर्वात महत्त्वाची आहे. महाविद्यालय म्हणजे पोलीस ठाणे नव्हे. चालकास शिक्षा करणे हे त्याचे काम नाही. बसमध्ये विद्यार्थी न चढविणे हे मात्र त्याच्या हाती आहे. पहाटे पाच वाजता, विद्यार्थी व पालक खोळंबलेले असताना, "नाही" म्हणण्याचे बळ एकट्या प्राध्यापकाच्या स्वभावावर सोडू नये. ते त्याच्या हातातील कागदावर असावे.

८. दुसरी बाजू :
चालकाच्या शुद्धीचा आग्रह धरणाऱ्या महाविद्यालयाने स्वतःकडेही पाहणे आवश्यक आहे. मुक्कामी विद्यार्थी व प्राध्यापक निवासात झोपतात. चालक पुष्कळदा बसच्याच आसनावर, डासांत आणि थंडीत रात्र काढतो. त्याच्या जेवणाची चौकशी होतेच असे नाही. अशी रात्र काढणाऱ्या माणसाकडून सकाळी तरतरीत कार्यस्थितीची अपेक्षा करणे न्याय्य नाही. चालकाच्या निवासाचा खर्च अंदाजपत्रकात धरणे हा उपकार नसून सुरक्षेचा खर्च आहे. तसेच सहलीवरील प्राध्यापक व कर्मचारी यांनाही मद्यमुक्ततेचा नियम तितकाच लागू असला पाहिजे. अन्यथा तो नियम न राहता गरिबावरचा धाक होतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आचारसंहितेत कामाच्या ठिकाणच्या मद्यसमस्येकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्यास सांगितले आहे. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे. चालकास त्या दिवशी गाडीवरून उतरविणे आणि त्यास कायमचे कामावरून काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट तडजोडीविना व्हावी. दुसरीपूर्वी उपचाराची संधी असावी. उघडकीस येताच नोकरी जाणार असेल तर माणूस लपवितो, आणि लपविलेली अवस्थाच सर्वाधिक धोक्याची असते.

९. समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की विश्वासार्ह सेवा ही भला माणूस योगायोगाने लाभल्यामुळे मिळत नाही. ती मोजता येणाऱ्या अटी, त्या पाळणारी व्यवस्था आणि त्या व्यवस्थेची किंमत देण्याची तयारी यांतून मिळते. हेच सूत्र रात्रीच्या पहारेकऱ्यास आणि उद्वाहनाची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञासही लागू पडते. "काल रात्रीची आहे" असे सांगणारा चालक कदाचित खोटे बोलत नव्हता. आपण सुरक्षित आहोत असे त्यास खरोखर वाटत असावे. म्हणूनच निर्णय त्याच्या वाटण्यावर, किंवा आपल्या नाकावर, सोडता कामा नये. पुढील सहलीचा तुलनात्मक तक्ता तयार होईल तेव्हा त्यात दराच्या स्तंभाआधी चालकासाठी एक स्तंभ आखला गेला, तर प्रस्तुत लेखाचा हेतू सफल होईल.