बंदुकीचा परवाना आमचा, संघटना कोणाची?

बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव या भागात आमचे काही परवानाधारक बांधव आहेत. त्यांतले बरेचसे फौजेतून निवृत्त झालेले आणि आता बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन गनमॅन म्हणून उभे राहणारे. काहींकडे वावराच्या राखणीसाठी घेतलेली जुनी ठासणीची बंदूक आहे. या बांधवांकडून एक प्रश्न आता वरचेवर ऐकू येतो. शस्त्रधारकांच्या हक्कासाठी झगडणाऱ्या संघटना देशात आहेत, 'नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया' ही त्यांतली एक. परवाना आपल्याकडेही आहे, त्रास आपल्यालाही होतो, मग त्यांचे सभासद व्हावे काय, वर्गणी द्यावी काय, निवेदनावर सही करावी काय?

प्रश्न मूठभर माणसांचा आहे हे आम्हाला कळते. ज्या समाजाला अजून घरकुलाची जागा नावावर करून घेण्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, त्याने बंदुकीची चर्चा करावी हे काहींना विचित्र वाटेल. पण शस्त्र कोणाच्या हाती असावे हा या देशात कधीच नुसता परवान्याचा प्रश्न नव्हता, तो वर्णाचा प्रश्न होता. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

आधी या संघटनांचे खरे असलेले म्हणणे मान्य करू. इंग्रजांनी व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ साली शस्त्र कायदा केला, त्यात युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवान्याची अट, हे खरे आहे. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, तरी कचेरीतला कारकून मात्र लिटनच्याच थाटात बसलेला असतो, हेही खरे आहे. अर्ज महिनोनमहिने पडून राहतो. नाकारला तर कारण लेखी द्यावे असे कलम १४ सांगते, ते मिळवायला पुन्हा चकरा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करा अशी नोटीस येते. कोणाची बंदूक जमा करायची आणि कोणाची नाही हे छाननी समितीने ठरवावे असे निवडणूक आयोगाचे म्हणणे, पण बँकेच्या गनमॅनला सूट मिळवण्यासाठी स्वतःच धावपळ करावी लागते, कारण बंदूक नाही तर ड्युटी नाही आणि ड्युटी नाही तर पगार नाही. पाटलाच्या दिवाणखान्यात टांगलेली दुनळी महिनाभर ठाण्यात पडली तर त्याच्या घरची चूल विझत नाही. आमच्या गनमॅनची विझते.

२०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या एकावर आणण्याचा सरकारचा मूळ प्रस्ताव होता. देशभरातल्या शस्त्रधारकांनी ओरड केली आणि संसदेत आकडा दोनवर थांबला. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. आता आमच्या बांधवांनी स्वतःलाच विचारावे की तीन बंदुका असलेले घर आपल्या वस्तीत कधी पाहिले आहे काय? तिसऱ्या आणि दुसऱ्या बंदुकीसाठी जे लढले ते वाड्यांचे, गढ्यांचे, शिकारीच्या शौकाचे लोक होते. एका बंदुकीवर पोट भरणाऱ्याचा त्या लढाईशी काय संबंध?

आता इतिहासाकडे. ज्यांना १८७८ चा कायदा आठवतो त्यांना त्याआधीचा कायदा का आठवत नाही? शूद्राने आणि अतिशूद्राने शस्त्र धरू नये हा दंडक इंग्रजाने आणलेला नव्हता. वऱ्हाडातल्या गावात महार रात्रभर जागल्या म्हणून फिरला, सरकारी पट्टीचा पैसा तालुक्याला पोचवला, गावाच्या शिवेचा साक्षीदार राहिला, आणि हातात काय, तर काठी. कोरेगावच्या लढाईत १ जानेवारी १८१८ रोजी ज्यांनी बंदूक धरली, त्यांच्याच पोरांना पुढे १८९२ साली फौजेची दारे बंद झाली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, ते ही दारे उघडण्यासाठी. घरात बंदूक टांगायला मिळावी असे त्यांनी मागितले नाही. फौजेत घ्या, असे मागितले. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण बाबासाहेबांची भूमिका याच फरकावर उभी आहे.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी एक प्रश्न उभा केला होता. इतका अन्याय होऊनही हिंदुस्थानात सामाजिक क्रांती का झाली नाही? त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाला पार निःशस्त्र केले होते. शस्त्र धरायचे नाही, म्हणून बंड करता येत नव्हते. युरोपातल्या दुर्बलाजवळ लष्करी सेवेचे शारीरिक, मताधिकाराचे राजकीय आणि शिक्षणाचे नैतिक शस्त्र होते, इथल्या दुर्बलाला ही तिन्ही नाकारली गेली. हे वाचून एखाद्याला वाटेल की बाबासाहेब तर शस्त्राच्या हक्काचे पुरस्कर्ते. मग १९४८ चे काय?

डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला घटना समितीत ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क करावा. पाठीशी १९३१ च्या कराची काँग्रेसचा ठराव होता. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माणसाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र उचलण्याच्या त्याच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे, आणि वाटेल त्याला बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घेण्याचा हक्क दिला तर राज्यकारभार कसा चालेल याची आपल्याला कल्पनाही करवत नाही. म्हणूनच आज संविधानाचा अनुच्छेद १९ शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क देतो. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क त्यात नाही.

यात विसंगती शोधणाऱ्यांनी गावाकडे पाहावे. तीनशे उंबऱ्यांच्या गावात आमची पंधरा घरे. बाजार सगळ्यांना सारखा खुला केला तर बंदुका कोणाकडे जातील? ज्याच्याकडे पन्नास एकर आहे त्याच्याकडे, सावकाराकडे, कारखान्याच्या संचालकाकडे. विजयादशमीला शस्त्रपूजन करून मिरवणाऱ्यांना तर अशा हक्काची आनंदाने गरज आहे. आमचा दसरा १४ ऑक्टोबर १९५६ पासून वेगळा झाला. बाबासाहेबांना निःशस्त्र केलेल्यांचे दुःख ठाऊक होते, आणि समान हक्काच्या नावाखाली बलवानच सशस्त्र होतो हेही ठाऊक होते. म्हणून त्यांनी १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहावी यासाठी जोर लावला आणि १९४८ साली खाजगी शस्त्राचा मूलभूत हक्क नाकारला. बंदूक समाजाच्या हाती यावी, पण राज्याच्या शिस्तीतून, गणवेशातून यावी.

या विषयात आमच्या हाती असलेले खरे हत्यार दुसरीकडेच आहे आणि ते आमच्या लोकांनाही फारसे माहीत नाही. अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा आणि त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ वाचा. जेथे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा होण्याची भीती आहे असा भाग राज्य शासनाने शोधून काढायचा. तेथे आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि घरोब्याच्या मित्रांचेही शस्त्र परवाने रद्द करायचे आणि ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा बंदुका जप्त करायच्या. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या सुरक्षेसाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्र परवाने द्यायचे. हे सारे एकाच नियमात लिहून ठेवले आहे.

शस्त्रहक्कवाल्या संघटनेशी आमचे जुळत नाही ते इथे. परवाना हा हक्क आहे, तो सहजी काढून घेता येऊ नये, ही त्यांची मूळ मागणी. नियम ३ चा जीव मात्र परवाना काढून घेण्यातच आहे. त्यांची मागणी पूर्ण झाली तर दहशत असलेल्या गावात जिल्हाधिकाऱ्याने गुंडाच्या मामाची बंदूक जमा करून घ्यायची म्हटली तरी तो हक्कभंगाची फिर्याद घेऊन उभा राहील. आमच्या बांधवाने भरलेली वर्गणी त्याच्या वकिलाच्या फीमध्ये जाईल. कोणी म्हणेल की परवाने रद्द होतात तरी कुठे? बरोबर आहे. 'आवश्यक वाटल्यास' हे दोन शब्द असे आहेत की अधिकाऱ्याला आवश्यक कधी वाटतच नाही. पण ज्या तरतुदीचा वापर होत नाही ती वापरायला लावणे हे चळवळीचे काम आहे, ती बुडवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे हे नव्हे.

अमेरिकेचे उदाहरण या संघटना फार देतात, तर आम्हीही देतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर ३० जानेवारी १९५६ रोजी बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि अलाबामाच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला. पुढे कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरचे तरुण उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवू लागले, तेव्हा १९६७ साली भरलेली बंदूक उघड्यावर नेण्यास बंदी घालणारा कायदा झाला, आणि बंदूकधारकांची बलाढ्य संघटना नॅशनल रायफल असोसिएशन त्या बंदीच्या बाजूने होती. २०१६ साली मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टिल हा काळा तरुण गाडीत बसलेला असताना, आपल्याकडे बंदूक असल्याचे पोलिसाला आपणहून सांगितल्यावर गोळ्या घालून मारला गेला. त्याच्याकडे रीतसर परवाना होता. एरवी गर्जना करणारी तीच संघटना तेव्हा जवळजवळ गप्प बसली. ज्या पँथरांवरून आपल्या दलित पँथरने नाव घेतले, त्यांचा हा अनुभव आहे.

बंदूक आम्हाला वाचवील काय, हाही प्रश्न उरतोच. बिहारात बथानी टोला येथे १९९६ साली २१ आणि लक्ष्मणपूर बाथे येथे १९९७ साली ५८ माणसे रणवीर सेनेने मारली. तिकडे बंदुकीला उत्तर बंदुकीने देण्याचे मार्गही चोखाळले गेले, पण मारणारे पाटणा उच्च न्यायालयातून २०१२ आणि २०१३ साली निर्दोष सुटले, ते काही मेलेल्यांकडे बंदुका नव्हत्या म्हणून नव्हे. आपल्याकडे खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारणाऱ्यांना बंदुकीची गरज लागली नाही. महाराष्ट्रातला अत्याचार कुऱ्हाडीने होतो, लाठीने होतो, बहिष्काराने होतो, पाणवठ्यावर होतो. वावरात निंदायला गेलेल्या बाईच्या हातात विळा असतो, घरातली बंदूक तिच्या उपयोगाची नसते. आणि आमच्या माणसाने स्वसंरक्षणासाठी बार काढलाच, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधला स्वसंरक्षणाचा हक्क सिद्ध होईपर्यंत तो आत आणि त्याची वस्ती उघड्यावर.

तरीही आम्ही परवाना नको म्हणत नाही. गावगुंडांनी जीवे मारण्याची धमकी दिली आहे, गुन्हा नोंदवला आहे, गायरानावरून वैर पेटले आहे, अशा माणसाला परवाना मिळालाच पाहिजे. ज्ञानगंगेच्या किंवा अंबाबरव्याच्या जंगलाकाठी ज्याचे दोन एकर रोही आणि रानडुकरे रातोरात फस्त करतात, त्यालाही ठासणीची बंदूक मागता येते. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी तशी तरतूदच आहे. मात्र बंदूक मिळाली म्हणून जनावर मारायची मुभा मिळत नाही, ती वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते. कोणी कचेरीत म्हणाले की तुमच्या नावावर इस्टेट काय आहे, तर त्याला कलम १४ चे पोटकलम २ दाखवा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. भूमिहीनाच्या बाजूने इतके स्पष्ट लिहिलेले कलम आपल्या कायद्यांत फार नाहीत, आणि याचा गवगवा या संघटना कधी करताना आम्ही ऐकले नाही.

म्हणून आमचे मत असे आहे की आमच्या परवानाधारकांनी या संघटनांचे सभासद होऊ नये. नूतनीकरणातला उशीर, नकाराची लेखी कारणे, निवडणुकीत गनमॅनला वेळेवर सूट, एवढ्या कारभाराच्या मुद्द्यांवर त्यांच्यासोबत एखाद्या निवेदनावर सही करायला हरकत नाही. शस्त्र बाळगणे हा हक्क करा, या मागणीखाली मात्र सही करू नये.

त्याऐवजी निवृत्त जवानांनी आणि गनमॅन बांधवांनी आपली ताकद जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीकडे वळवावी. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि तीन महिन्यांतून निदान एकदा तिची बैठक व्हावी असा नियम १७ आहे. माहितीच्या अधिकाराखाली बुलडाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज टाकावा. जिल्ह्यात चालू शस्त्र परवाने किती? त्यांतले अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांचे किती? १९९५ पासून नियम ३ खाली किती परवाने रद्द झाले आणि किती दिले गेले? अत्याचाराची भीती असलेली म्हणून जिल्ह्यातली कोणती गावे शोधून काढली? सातपुड्यापलीकडून संग्रामपूर तालुक्यात येणारे देशी कट्टे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात, तेव्हा गेल्या पाच वर्षांत अशी किती बेकायदा शस्त्रे जप्त झाली हेही विचारावे. हे आकडे मिळाले की ते समितीच्या बैठकीत अशासकीय सदस्यांकरवी मांडावेत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचे असते.