माहितीचे तक्ते अभ्यासकास कसे खुले करावेत?

शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टरास जे स्थान आहे, तेच आजच्या शैक्षणिक कारभारात संगणकावरील माहितीसाठ्यास, म्हणजे डेटाबेसास, प्राप्त झाले आहे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, सामाजिक प्रवर्ग, अपंगत्व ही माहिती शिक्षकच गोळा करतो. यू-डायस प्लस या देशव्यापी व्यवस्थेत २०२२-२३ या वर्षापासून ती विद्यार्थीनिहाय भरली जाते. कोणत्या इयत्तेत गळती अधिक आहे, कोठे शिक्षक कमी पडतात, हे शोधणाऱ्या विश्लेषकास या नोंदी पाहावयास मिळाल्या नाहीत, तर त्या भरण्याचे श्रम व्यर्थ जातील. म्हणून तक्ते खुले करावेत की नाही, हा प्रश्न नाही. किती व कसे खुले करावेत, हा खरा प्रश्न होय.

डेटाबेसात माहिती ओळी व रकाने असलेल्या तक्त्यांत ठेवलेली असते. अशा तक्त्यांची शास्त्रशुद्ध मांडणी ई. एफ. कॉड या गणितज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केली. तक्त्यावर चार प्रकारची कामे होऊ शकतात : वाचणे, नवी नोंद करणे, नोंद बदलणे व नोंद पुसणे. या प्रत्येक कामाची परवानगी स्वतंत्रपणे देता येते. परवानगी देण्याच्या आज्ञेस ‘ग्रँट’ व ती काढून घेण्याच्या आज्ञेस ‘रिव्होक’ म्हणतात. विश्लेषकास केवळ वाचण्याची परवानगी पुरेशी असते. जो हजेरीची सरासरी काढणार, त्यास हजेरी बदलण्याचा अधिकार असण्याचे कारण नाही.

ही परवानगी व्यक्तीस न देता भूमिकेस द्यावी, हा दुसरा नियम. मुख्याध्यापकाची बदली झाली की किल्ल्या नव्या मुख्याध्यापकाकडे जातात, तसेच हे आहे. ‘विश्लेषक’ ही भूमिका ठरवून तिचे अधिकार एकदाच निश्चित करावेत. काम संपताच त्या माणसास भूमिकेतून वगळले म्हणजे झाले.

तिसरी सोय सर्वांत उपयुक्त आहे. मूळ तक्ता न दाखविता त्यातील निवडक रकान्यांचीच एक खिडकी तयार करता येते. तिला ‘व्ह्यू’ म्हणतात. तीतून इयत्ता, वय व हजेरीचे दिवस दिसतील. परंतु नाव, पत्ता व आधार क्रमांक दिसणार नाहीत. विश्लेषकास खिडकी द्यावी, कपाटाची किल्ली नव्हे, हे या सर्व शास्त्राचे सार आहे.

तथापि नाव झाकले म्हणजे माणूस झाकला, असे समजणे चुकीचे ठरेल. याचे उत्तम उदाहरण मुंबई उपनगर जिल्ह्यातच आहे. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ साली स्थापन झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या कार्याची धुरा हीच संस्था १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून वाहत आली आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे व ७,२४,११५ स्त्रिया यांची माहिती घेण्यात आली. प्रसूती, बालमृत्यू, घरातील मारहाण अशा नाजूक विषयांवरील उत्तरे त्यात आहेत. ही माहिती देशोदेशीच्या अभ्यासकांना मिळते; मात्र तीत नावे नसतात. २०१५-१६ च्या फेरीची स्थळदर्शक माहिती देताना तर आणखी दक्षता घेण्यात आली. वस्त्यांचे नकाशावरील बिंदू मुद्दाम सरकविण्यात आले. शहरी भागात ते २ किलोमीटरपर्यंत व ग्रामीण भागात साधारणतः ५ किलोमीटरपर्यंत हलविले. खेड्यात वस्ती विरळ असते. तेथे जागा कळली की घर कळते, व घर कळले की माणूस कळतो.

हाच न्याय आपल्या शाळेस लागू पडतो. समजा, चौथीच्या वर्गात १९ मुले असून त्यांत एकच कर्णबधिर मुलगी आहे. तक्त्यात नाव नसले, तरी ‘चौथी, मुलगी, कर्णबधिर’ एवढे वाचताच सारा गाव तिला ओळखील. अशा वेळी जन्मतारखेऐवजी वय द्यावे, गावाऐवजी तालुका द्यावा व अनेक शाळांची संख्या एकत्र करून सांगावी. अभ्यासकाच्या कामात त्यामुळे सहसा उणेपणा येत नाही. मुलीची लाज मात्र राखली जाते.

तक्ते तयार करणे हे तंत्रज्ञांचे काम असले, तरी माहितीचे दार पुष्कळदा शिक्षकाच्याच हाती असते. कोणी संस्था फोनवरून मुलांची संपूर्ण यादी मागते. कोणी क्लासचालक पालकांचे भ्रमणध्वनी क्रमांक मागतो. अशा वेळी चार गोष्टी विचाराव्यात : कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे आहे? त्यासाठी कोणते रकाने लागतील? माहिती किती दिवस ठेवली जाईल? ती आणखी कोण पाहील? ही उत्तरे लेखी घेऊन वरिष्ठांच्या अनुमतीशिवाय काहीही देऊ नये. शाळेचा पासवर्ड तर कोणासही, नोंदी भरून देणाऱ्या संगणक केंद्रचालकासही, सांगू नये. त्या एका शब्दाने वाचण्याबरोबर बदलण्याचाही अधिकार दिला जातो, आणि बदल शिक्षकाच्याच नावावर नोंदला जातो.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. परंतु कायद्याहूनही एक जवळची गोष्ट आहे. शेतमजूर आई आपल्या मुलाचे दुखणे किंवा घरची अडचण शिक्षकास सांगते, ती विश्वासाने. तो विश्वास एकदा उडाला, तर पुढील वर्षी ती खरे सांगणार नाही. आणि खोट्या नोंदींवरून कोणताही विश्लेषक खरी गळती शोधू शकणार नाही. म्हणून माहिती जपणे व माहिती उपयोगात आणणे ही परस्परविरोधी कर्तव्ये नसून, पहिले नीट पार पडले तरच दुसरे साधते, हे प्रत्येक शिक्षकाने ध्यानी ठेवावे.