रंग बघून कुत्रा घेता का?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये कुत्र्यांवर लेख, हे वाचून काहीजण हसतील. मेसच्या मागे ताटांची वाट बघत बसणाऱ्या आपल्या टोळीबद्दल हा लेख नाही, हे आधीच सांगते. हा लेख आहे घरात पाळायच्या पूडलबद्दल आणि त्याच्या रंगाबद्दल. विषय छोटा वाटतो, पण यात जेनेटिक्स आहे, प्रोबॅबिलिटी आहे आणि एका मुक्या जिवाचं आख्खं आयुष्यसुद्धा आहे.

आमच्या देगलूरलाही आता प्रत्येकाच्या मोबाईलवर पिल्लांच्या जाहिराती येतात. त्यात एक शब्द हमखास असतो : 'रेअर कलर'. माझ्या मामेबहिणीला पूडल हवाय, तोही करड्यावर काळे ठिपके असलेला आणि एक डोळा निळा असलेला. साध्या काळ्या पिल्लापेक्षा त्याचा भाव बराच जास्त. मामा मला म्हणाले, "तू शिकतेस ना एवढं, मग सांग, नुसत्या रंगाचे इतके पैसे कशाला?" प्रश्न एकदम करेक्ट होता. म्हणून जरा वाचन केलं, ते तुमच्यासमोर मांडते.

रंग बघायची आपली सवय जुनीच

जनावराचा रंग बघणं हे काही मोबाईलने शिकवलेलं नाही. आपल्या भागातली लाल कंधारी गाय रंगावरूनच ओळखली जाते. देवणीमध्ये तर रंगावरून तीन प्रकार आहेत : वानेरा, बालंक्या आणि शेवरा. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, उंट, गाढवं यांचा मोठा बाजार असतो आणि कुत्र्यांचं प्रदर्शनही भरतं. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याबरोबर कुत्रा असतोच, त्यामुळे ते शोभूनही दिसतं. पण त्या बाजारात एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जनावर घेताना बघा. रंग तो लांबूनच बघतो. मग जवळ जाऊन दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, आणि त्यानंतरच भावाची गोष्ट निघते. मोबाईलवरच्या फोटोत दातही दिसत नाहीत आणि चालही दिसत नाही. दिसतो फक्त रंग!

डबे दोनच, रंग अनेक

कुत्र्याच्या केसात मुळात दोनच रंगद्रव्यं असतात. एक काळं, एक लालसर-पिवळं. बाकी सगळे रंग म्हणजे या दोन डब्यांवर चालणारी बटणं. एक जीन काळ्याला चॉकलेटी करतो, दुसरा फिका करून राखाडी करतो. तिसरा काळं रंगद्रव्य केसात येऊच देत नाही, मग कुत्रा लाल, जर्दाळू किंवा क्रीम दिसतो. जिथे रंगाच्या पेशीच पोचत नाहीत, तिथे पांढरं.

प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. चॉकलेटी रंग यायला दोन्ही कॉपी चॉकलेटी लागतात. म्हणजे आपल्या भाषेत सरळ अँड गेट! दोन काळे कुत्रे असले आणि दोघांकडे एकेक चॉकलेटी कॉपी लपलेली असली, तर प्रत्येक पिल्लू चॉकलेटी होण्याची शक्यता 25 टक्के. 'रेअर' म्हणतात त्यातलं बरंचसं एवढंच असतं. ना त्यात राजघराण्याचं रक्त, ना जास्त अक्कल.

पूडलच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. मुळात हा पाण्यात उतरून शिकार उचलून आणणारा कुत्रा. त्याचं नाव जर्मन भाषेतून आलं, पाण्यात डुबुकडुबुक करण्यावरून. त्याचे केस आयुष्यभर वाढत राहतात आणि रंगही बदलत राहतो. चंदेरी पूडल जन्मतो तेव्हा काळा असतो, नंतर हळूहळू उजळतो. चॉकलेटी आणि जर्दाळू रंग पुष्कळदा वयाबरोबर फिके पडतात. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाच्या ज्या रंगाचे तुम्ही जादा पैसे मोजले, तो दोन वर्षांनी तसाच राहील याची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही.

ठिपक्यांमागचं गणित

आता मामेबहिणीच्या आवडीचा रंग. त्याला 'मर्ल' म्हणतात. पीमेल नावाच्या जीनमध्ये डीएनएचा एक जादा तुकडा घुसल्यामुळे हा रंग येतो, हे 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी शोधलं. एक कॉपी असली की अंगावर करडे-काळे पट्टे उमटतात आणि कधी डोळा निळा होतो. असा कुत्रा बऱ्याचदा चांगला जगतो. खरा धोका दोन मर्ल एकत्र आणले की सुरू होतो. गणित करा : प्रत्येक पिल्लाला दोन्ही कॉपी मर्ल मिळण्याची शक्यता चारात एक. असं पिल्लू बहुतेक पांढरं दिसतं आणि ते बहिरं, आंधळं किंवा दोन्ही असण्याचा धोका मोठा असतो. काहींचे डोळे नीट वाढलेलेच नसतात.

रंगाचा आणि कानाचा काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. उत्तर भारी आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी फक्त कातडीत नसतात, कानाच्या आतल्या भागातही असतात. तिथल्या द्रवातल्या क्षारांचं प्रमाण, म्हणजे एका अर्थी कानाची बॅटरी, त्या चार्ज ठेवतात. पेशी पोचल्या नाहीत तर बॅटरी उतरते आणि आवाज पकडणाऱ्या नाजूक पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. पांढऱ्या अंगाच्या डाल्मेशियनमध्ये बहिरेपणा जास्त आढळतो, तोही याच कारणाने.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की मर्ल फक्त काळ्या-चॉकलेटी रंगद्रव्यावर दिसतो. क्रीम किंवा जर्दाळू पूडलमध्ये तो असला तरी डोळ्यांना कळत नाही. म्हणजे एक मर्ल आणि एक 'साधा' क्रीम अशी जोडी लावली, तरी आंधळं पिल्लू जन्माला येऊ शकतं. इथे नजर उपयोगाची नाही, डीएनए टेस्टच लागते. आणि ऐका, पूडलच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात काळा, पांढरा, चॉकलेटी, राखाडी, जर्दाळू आणि लाल असे एकसंध रंगच मान्य आहेत. मर्ल त्यात नाहीच. म्हणजे ज्याला 'प्युअर आणि रेअर' म्हणून विकतात, त्याच्या मागच्या कुठल्यातरी पिढीत दुसऱ्या जातीशी संकर झाला असण्याची शक्यता मोठी.

रंगावरून स्वभाव कळतो का?

1959 मध्ये रशियात नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीत फक्त माणसाळलेले कोल्हे निवडले, रंगाकडे बघितलंच नाही. तरी काही पिढ्यांतच कोल्ह्यांच्या कपाळावर पांढरा चांद आणि अंगावर ठिपके यायला लागले. म्हणजे स्वभाव निवडला तर रंग बदलला. पण याचा अर्थ असा नाही, की रंग निवडला की चांगला स्वभाव फुकट मिळतो.

उलट झालेलंही दिसतं. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या लॅब्राडॉर कुत्र्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चॉकलेटी लॅब्राडॉरचं मध्यम आयुष्य 10.7 वर्षं आणि इतर रंगांच्या लॅब्राडॉरचं 12.1 वर्षं निघालं. कान आणि त्वचेचे आजारही चॉकलेटींमध्ये जास्त होते. संशोधकांच्या मते रंग स्वतः दोषी असेलच असं नाही. चॉकलेटी पिल्लं हवीत म्हणून मोजकेच कुत्रे पुन्हा पुन्हा वापरले गेले, आणि रंगाबरोबर आजारही पुढे सरकले असावेत. आपण मार्केटला जे विचारतो तेच मार्केट पैदा करतं, एवढा याचा साधा अर्थ.

मग बघायचं काय?

पहिलं, पिल्लाची आई बघा. ती माणसाजवळ येते का, घाबरून कोपऱ्यात बसते का, यावरून पिल्लाबद्दल रंगापेक्षा जास्त कळतं. दुसरं, पिल्लाच्या मागे टाळी वाजवा. कान हलले, मान वळली, तर ठीक. बाकीची भावंडं ऐकत असतील आणि एकच झोपून राहिलं, तर विचार करा. तिसरं, 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नका. चौथं, उन्हाळा. आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो. पूडलचे केस वरचेवर विंचरले नाहीत तर गुंता होतो, आणि त्या गुंत्यात गोचीड लपली तर सापडत नाही. हे काम रोज करणार कोण, हे घरात आधी ठरवा. अडलंच तर उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सल्ला तिथून घ्या.

आणि वेगळंच काही हवं असेल, तर लांब कशाला जायचं? लातूर जिल्ह्यात चाकूरजवळचं जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे. कान-शेपटीवर रेशमी झालर असलेला पश्मी बघितला, की 'रेअर' शब्दाचा अर्थ कळतो. मात्र तो धावणारा कुत्रा आहे. त्याला मोकळं रान लागतं, फ्लॅटची बाल्कनी नाही.

मामांना मी एवढंच सांगितलं, की बहिणीला काळा पूडलही तितकाच जीव लावेल. बारा-चौदा वर्षं तो तिच्या पायाशी बसणार आहे. तिने हाक मारल्यावर त्याला ती ऐकू आली पाहिजे आणि दारात ती आलेली दिसली पाहिजे. तेवढी खात्री करून घ्या, मग रंग कुठलाही असू दे.